उधाणाचा रविवार

सुरमई वाईट होती हे आईला पिशवीची गाठ सोडतानाच कळलं, मला चपला काढता काढता दारातच कळलं, आणि ज्यांनी ती बाजारातून निवडून आणली होती त्या बाबांना कळलंच नाही. टोपी खुंटीला अडकवत ते म्हणाले, "आत्ता उतरलीय. बघ कशी चमकतेय." चमकत होती हे खरं. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे पाहिलं, आणि त्या दोन सेकंदांत आमच्या घरातली एक जुनी, पक्की गोष्ट जागेवरून हलली. बाबा आंघोळीला गेले तेवढ्यात आईनं सुरमई तीन पिशव्यांत बांधली, मी ती खाली जाऊन टाकून आले, आणि बाबा बाहेर आले तेव्हा गॅसवर अंडी उकडत होती. "मांजरानं नेली," आई म्हणाली. आम्ही नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी आहे, आणि ती बाबांनीच कबुतराच्या डोक्याचं माप धरून बसवून घेतली आहे. बाबांनी जाळीकडे पाहिलं, रिकाम्या ओट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या रंगाचं होतं?" "काळं," आई म्हणाली. "पांढरं," मी त्याच क्षणी म्हणाले. "म्हणजे काळंपांढरं," बाबा म्हणाले आणि पेपर उघडून बसले. अंड्याची आमटी त्यांनी दोनदा मागून घेतली. छान झालीय म्हणाले.

माणूस चुकतो. मी तळोज्याला पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते, आणि एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही हे मला तिथे पहिल्याच आठवड्यात शिकवलं गेलं. पण सोमवारी मशीनसमोर बसून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना माझं लक्ष त्या एका नमुन्यावरून हटेना, कारण नाक बाबांचं होतं. बाबा वीज मंडळात मीटर तपासत, आणि तीस वर्षं लोकांची मीटरं तपासणाऱ्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर फारसा विश्वास उरत नाही. नाकावर मात्र होता. शेजाऱ्यांकडची वायर तापलीय हे त्यांना जिन्यात कळायचं. माझ्या शाळेच्या डब्यातली भाजी कोणी बदलून घेतली हे दप्तर उघडायच्या आधी सांगायचे. आणि मासळी बाजार म्हणजे तर त्यांची पेठच. मी सहा-सात वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर जायची. रमाबाई नावाची एक कोळीण आहे, तिच्यापुढे बाबा उभे राहिले की आजूबाजूच्या दोघीतिघी हातातलं काम थांबवून बघायच्या. रमाबाई आधी टोपलीतला वरचा, कालचा मासा काढून द्यायची. बाबा तो दोन्ही हातांनी घ्यायचे, कल्ला उघडून नाकाशी न्यायचे, डोळे मिटायचे, आणि मग लग्नातला आहेर परत करावा तसा अदबीनं तिच्या हातात परत द्यायचे. "रमाबाई, हा तुमच्या जावयाला द्या." सगळ्या जणी हसायच्या. मग ती खालचा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला मासा काढायची. हे दर रविवारी व्हायचं. तिला ठाऊक असायचं की ते परत देणार, त्यांना ठाऊक असायचं की खाली दुसरा आहे. मला लहानपणी वाटायचं, मासे असेच घेतात, सगळ्या जगात.

म्हणून बुधवारी संध्याकाळी मी लवकर निघून बाजारात गेले. रमाबाईनं मला पाहिल्याबरोबर कोयता खाली ठेवला. "बरा झाला तू आलीस. तुजा बाबूस बरा हाय ना?" मी म्हटलं, बरे आहेत, का? ती टोपलीवरचं फडकं उगाच सारखं करत म्हणाली, "मी वरची दावली, नेमीसारकी. त्यानं नाकाशी नेली. डोले मिटले. मंग बोलला, दे. मना वाटला मस्करी करतंय. मी हसले, पन त्यो नाय हसला." आवाज खाली आणून ती म्हणाली, "मंग मी कशी बोलू सगल्यांच्या म्होरं? गपचूप बांदून दिली. मना रातभर वाईट वाटला." तिनं जबरदस्तीनं माझ्या हातात मूठभर करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, कोंबली आणि मी पाकीट काढताच माझ्यावर कोयता उगारला. घरी येताना रिक्षात करंदीची पिशवी मांडीवर धरून मी मागे मागे जात होते. गणपतीत बाबांना ताप आला होता, चार दिवसांचा, सगळ्या सोसायटीला आला तसाच. त्यानंतर कधीतरी दूध उतू जाऊन जळलं तेव्हा बाबा ओट्यापासून तीन फुटांवर शब्दकोडं सोडवत होते. दिवाळीत उटण्याचा वास कसा आहे विचारल्यावर ते म्हणाले होते, "उटण्यासारखा." तेव्हा मी हसले होते. आता जानेवारी चालू होता. म्हणजे साडेचार महिने आमच्या घरात एक माणूस आठवणीवर जेवत होता आणि छान झालंय म्हणत होता.

मग मी जे केलं ते मला फारसं शोभणारं नव्हतं. मी त्यांची चाचणी घ्यायला लागले. सकाळी चहात एक दिवस आलं, एक दिवस वेलची, एक दिवस काहीच नाही. आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचं. बाबा हुशार निघाले. ते आधी गाळणीत डोकावायचे, मग घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "वा, आलं." एकदा मी गाळणी धुऊन ठेवली, तर त्यांनी किसणी पाहिली. डोळे, बोटं, आवाज या सगळ्यांच्या मदतीनं त्यांनी नाकाची जागा इतकी नीट भरून काढली होती की मला त्यांचा अभिमान वाटायला लागला. वास घेणाऱ्या पेशी मेल्या तरी नव्या येतात, शरीरातल्या फार थोड्या मज्जापेशी असं करतात, हे मी वाचलं होतं. ओळखीचे, ठळक वास रोज हुंगत राहिलं तर वाट पुन्हा सापडते म्हणतात. सापडेलच असं नाही. ठळक वास म्हणजे बाबांच्या आयुष्यातला सगळ्यात ठळक कोणता? ह्याचं उत्तर शोधावं लागलं नाही. त्यांची पहिली नेमणूक मुरूडला झाली होती, तेविसाव्या वर्षी. किनाऱ्यावर होडी लागायची, कोळणी तिथेच चूल मांडायच्या, आणि होडीतून तव्यावर पडलेला बोंबील ते कागदावर घेऊन वाळूत बसून खायचे. ही गोष्ट त्यांनी आम्हाला किमान दोनशे वेळा सांगितली असेल आणि प्रत्येक वेळी शेवटी ते म्हणायचे, "तो वास मी अजूनही पाहिजे तेव्हा आणू शकतो." पनवेलला पोचेपर्यंत बोंबील बर्फात किती तास राहिला हे कोण सांगणार? पण तिथे, होडीपाशी, काही मिनिटांचा बोंबील मिळाला तर?

जेवताना मी जाहीर केलं की एका रविवारी आपण मुरूडला जायचं. गाडीनं, पहाटे निघून संध्याकाळी परत. फक्त मासे खायला. बाबा म्हणाले, "कशाला उगाच," पण त्यांनी दुसरी पोळी घेता घेता विचारलं, "पेणवरून की कसं?" आणि मला कळलं, त्यांना जायचंय. आणि हेही कळलं की त्यांना भीती वाटतेय. मलाही वाटत होती. प्रयोग केलाच नाही तर निकाल वाईट येत नाही. बाजारातल्या सुरमईनं दगा दिला तर सुरमई वाईट म्हणता येतं. मुरूडच्या होडीपाशीही काही कळलं नाही, तर मग पुढे जायला ह्याहून ठळक काही उरत नाही. हा विचार आला की मी एक्सेल उघडायची. भीतीवर एक्सेल हा माझा जुना उपाय आहे. पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. कुठे किती वाजता, कुठे चहा, बाबांच्या गुडघ्यासाठी कुठे उतरून पाय मोकळे करायचे. भरती-ओहोटीचाही एक रकाना केला, कारण मी शास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि समुद्राला भेटायला जाताना त्याची वेळ विचारावी एवढं मला समजतं. आई चष्मा लावून माझ्याशेजारी बसली आणि भिंतीवरचं कॅलेंडर मांडीवर घेऊन रविवारांवर फुल्या मारायला लागली. शनिवार मारुतीचा, त्यामुळे तो आधीच बाद. आणि मला सुट्टी फक्त रविवारची. हा रविवार पौर्णिमा, फुली. हा अमावस्या, फुली. "हा घे," ती म्हणाली, "अष्टमी. हा मोकळा." मी माझ्या रकान्यात पाहिलं. अष्टमीला भरती-ओहोटीत जेमतेम दीड मीटरचा फरक, समुद्र तळ्यासारखा शांत. पौर्णिमेला तोच फरक साडेतीनच्या वर. मी अष्टमीला हिरवा रंग दिला. मायलेकींचं इतकं एकमत आमच्या घरात क्वचित होतं.

झेबा माझी बी.एस्सी.पासूनची मैत्रीण, जुन्या पनवेलात घरच्यांच्या चष्म्याच्या दुकानात बसते. तिचे यूनुस मामू अठरा वर्षं कुवेतला काढून आता मुरूडजवळ राहतात आणि घरामागच्या खोल्या पाहुण्यांना देतात. रविवारी सकाळी झेबा आमच्याकडे आली, आईच्या हातचे पोहे खात तिनं मामूंना फोन लावला आणि फोन टीपॉयवर ठेवला. बाबा पेपरमागे होते, पण पान उलटत नव्हते. मी नमस्कार करून तारीख सांगितली. पलीकडे मामू इतक्या मोठ्यानं हसले की आईनं दचकून आवाज कमी केला. "बेटा, त्या दिवशी चांदची सात. भांग असणार. भांगाला बोंबील खायला येतेस?" मी म्हटलं, मामू, समुद्र शांत आहे त्या दिवशी. "शांत आहे म्हणूनच तर! डोल जाळं म्हणजे काय, पिशवी. पाण्यात तोंड उघडून बांधून ठेवायची. पाणी ओढीनं धावलं तर मासा आत येणार. भांगाला पाण्याला ओढच नसते, पिशवी आपली लोंबत राहते धुतलेल्या पायजम्यासारखी. कोळी लोक घरी बसून जाळी शिवतात." "मग काय मिळेल?" झेबानं विचारलं. "पापलेट मिळेल, बर्फातलं. ते तुमच्या पनवेललाही मिळतं. त्याच्यापुढच्या इतवारी या. चांदची चौदा. उधाण. दुपारी बाराला भरतीबरोबर होड्या लागतील. बोंबील हातात धरशील तर निसटून जाईल, इंशाल्ला."

चांदची चौदा म्हणजे पौर्णिमा. "पौर्णिमेला नाही जमणार," आई फोनकडे वाकून म्हणाली, जणू मामू टीपॉयमध्ये बसले होते. "मग अमाशाला या, भाभी." "अमावस्येला तर नाहीच." "मग भाभी," मामू म्हणाले, "तुम्ही मासळी खायचे दिवस असे निवडलेत की मासळीला कळूच नये." झेबाला पोह्यांचा ठसका लागला. फोन बंद झाल्यावर मी कॅलेंडरकडे पाहत राहिले. एक चंद्र. आईनं तो तिथीनं मोजला होता, मामूंनी चांदच्या तारखेनं, मी मीटरनं. त्या दोन महिन्यांत रविवार अगदी चंद्राच्या चार टप्प्यांवर पडत होते, एक भांगाचा, एक उधाणाचा. आणि आम्ही उधाणाचे सगळे फुल्या मारून काढले होते. समुद्र शांत म्हणजे चांगला, असं मी का धरलं होतं? पाणी तपासणारीला पाणी स्थिर आवडतं, एवढंच. पण आईच्या फुल्यांचं मला आता नीट नवल वाटायला लागलं. संकष्टी ती पहिल्यापासून करते, एकादशीही. पौर्णिमा? कोजागिरीला आमच्याकडे दुपारी कोलंबी असायची. मी विचारलं, "आई, आपण पौर्णिमा कधीपासून पाळायला लागलो?" आई पोह्यांच्या बश्या गोळा करायला लागली. झेबाच्या बशीत अजून पोहे होते तरी.

"गणपतीपासून," पेपरमागून बाबा म्हणाले. "पौर्णिमा, अमावस्या दोन्ही. गौरी गेल्या त्या आठवड्यापासून. नोंद ठेवलीय मी." आई म्हणाली, "देवाचं आहे, त्यात पडू नका." बाबांनी पेपर खाली ठेवला, चार घड्या घालून. "देवाकडे काय मागितलंस पद्मजा?" बश्या हातात तशाच धरून आई उभी राहिली. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती, पुन्हा किक, पुन्हा किक. मला वाटलं आता आई मांजराकडे वळणार. पण ती म्हणाली, "तुमचं नाक." झेबानं माझ्याकडे पाहिलं, तिला काही माहीत नव्हतं, तरी ती हळूच उठली आणि आईच्या हातातल्या बश्या घेऊन आत गेली, आणि आत नळ सोडल्याचा आवाज आला, जरा मोठाच. बाबा खिडकीच्या जाळीकडे बघत होते. मला आठवलं, मी लहान असताना ते मीटर घरी आणायचे आणि झाकण उघडून मला आतली चकती फिरताना दाखवायचे. बंद मीटर बाहेरून अगदी चालू मीटरसारखंच दिसतं, ते म्हणायचे. जवळ जाऊन बघावं लागतं. "म्हणजे," बाबा सावकाश म्हणाले, "माझं नाक यावं म्हणून माझं तोंड बंद?" आई आधी हसली की आधी डोळ्यांना पदर लावला, हे मी समोर असून सांगू शकत नाही. बाबा म्हणाले, "येईल आज, येईल उद्या म्हणून थांबलो. बोललं की ते खरं होतं ना. आणि तुम्ही दोघी इतक्या मन लावून रांधता." "मला भाद्रपदातच कळलं होतं," आई म्हणाली. "हिंगाच्या फोडणीला तुम्ही शिंकला नाहीत. तीस वर्षांत पहिल्यांदा." "आणि ते मांजर?" बाबांनी विचारलं. "नाही, मी त्याला शोधत होतो. जाळीतून गेलं म्हणजे ते दीड इंच रुंदीचं असणार." आतून नळ बंद झाला आणि झेबाचा आवाज आला, "कुठलं मांजर, काका?"

नवसाचा प्रश्न आईनं स्वतःच सोडवला, वकिलासारखा. देवाला तिनं सांगितलं होतं की पौर्णिमा-अमावस्येला घरात मासळी शिजणार नाही. घरात. "मुरूड काही आपल्या घरात येत नाही," ती म्हणाली. "मी खाणार नाही. तुम्ही खा." मी एक्सेल उघडून अष्टमीचा हिरवा काढला आणि पौर्णिमेला दिला. बाबांनी चष्मा लावून तक्ता वरून खालपर्यंत वाचला, रेवदंड्याच्या चहाला वीस मिनिटं जास्त आहेत म्हणाले, आणि मग शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मी 'निरीक्षण' असं लिहून पुढे जागा मोकळी सोडली होती. "हे माझ्याबद्दल ना?" मी मान हलवली. "असू दे," ते म्हणाले. "खरं काय ते लिही फक्त."

तर त्या रविवारी दुपारी पावणेबाराला आम्ही वाळूत उभे होतो. बाबांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. आईच्या मांडीवर रताळ्याच्या किसाचा डबा होता आणि ती एका उलट्या होडीच्या सावलीत अशी बसली होती, जशी एखाद्या परीक्षा केंद्राबाहेर बसली असती. मामूंनी चूल पेटवून तवा ठेवला होता. पाणी खरंच धावत येत होतं. मी आकड्यात पाहिलेले साडेतीन मीटर माझ्या पावलांवरून, घोट्यांवरून सरकत वर चढत होते आणि मला उगाच हसू येत होतं. होडी लागली. पाट्या उतरल्या. बोंबील ढिगात पडले तेव्हा ते मासे कमी आणि पाण्याचीच गुलाबी घडी जास्त वाटले. पाटीमागची बाई बाबांना म्हणाली, "बगा काका, समिंदर हाय अजून त्याच्यात." बाबांनी वाकून एक उचलला, दोन्ही हातांवर घेतला, नाकाशी नेला आणि डोळे मिटले. आई डबा धरून उभी राहिली. मी मनात आकडे मोजत होते, का ते माहीत नाही, नऊपर्यंत आले. बाबांनी डोळे उघडले. ते छान म्हणाले नाहीत. "काही नाही गं," ते म्हणाले, आणि तो मासा माझ्यापुढे धरला. "तू बघ. तू सांग मला कसा येतो." तव्यावरचं अजून व्हायचं होतं, पण ह्या क्षणी मला त्यांच्यासाठी एक वास शब्दांत पकडायचा होता, आणि मी तयारीनं वाकले, मिठाचा म्हणेन, शेवाळाचा म्हणेन, ओल्या दोराचा. मी खोल श्वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला. मासळीचा वास ती मेल्यानंतर, तासातासानं तयार होतो; पाण्यातून आत्ता निघालेल्या माशाला तो नसतो. हे मी पुस्तकात वाचलं होतं, त्यावर परीक्षेत गुण मिळवले होते, आणि तिथपर्यंत गाडी चालवत येताना एकदाही मला ते आठवलं नव्हतं. नाकाला फक्त गार लागत होतं.

"बाबा," मी म्हटलं, "कसलाच येत नाहीये. काहीच नाही."

बाबांनी मासा परत घेतला आणि पुन्हा नाकाशी नेला. ह्या वेळी त्यांनी घाई केली नाही.

"मग मला अगदी बरोबर येतोय," ते म्हणाले, आणि बाईकडे वळून पाटीपुढे पिशवी उघडून धरली. "घाला. आणि मांजराचे दोन वेगळे."